हात कधी सोडायचा?

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरीचा उड्डाणपूल उतरला की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे घेत नारायणगावला पोचतो. या रस्त्याच्या दोन टोकांना रेडिओलहरींविषयी अगदी उलट अपेक्षा नांदतात. भोसरी-चाकणच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये स्कॅनर, टॅबलेट, बिनचालकाच्या मालगाड्या आणि कामगारांच्या खिशातले फोन अखंड बोलत असतात. नारायणगावजवळच्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे कान लावून असतात आणि त्यांना हवी असते शांतता. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी अडली ती या शांततेपाशीच. या दोन टोकांचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. पण तिकडे जाण्याआधी भोसरीच्या बाजूचा एक साधा प्रश्न विचारला पाहिजे.

शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालली आहे. तिच्यावर बसवलेल्या पडद्यावर कुठला पॅलेट कुठल्या रॅकवर न्यायचा ते उमटते. चालक बारकोड वाचवतो, नोंद सर्व्हरकडे जाते, पुढचे काम येते. छताला थोड्या थोड्या अंतरावर पांढरी डबडी टांगलेली असतात, त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात. प्रत्येकाची हद्द मर्यादित. फोर्कलिफ्ट पुढे सरकते तसा मागच्या डबड्याचा आवाज क्षीण होतो, पुढच्याचा वाढतो आणि वाटेत कुठेतरी एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो. यालाच रोमिंग म्हणतात. तो क्षण चुकला तर पडद्यावर चकती फिरत राहते, चालक ब्रेक दाबून थांबतो आणि त्याच्यामागे डिस्पॅचची रांग लागते. प्रश्न असा, की हात कधी सोडायचा हे ठरवते कोण?

बहुतेकांना वाटते, जाळे ठरवत असेल. एवढी महागडी यंत्रणा बसवली आहे, तिला दिसत असेलच कोण कुठे चालले आहे. प्रत्यक्षात तसे नाही. निर्णय घेते ते फोर्कलिफ्टवरचे छोटे यंत्र, आपल्या मर्जीने आणि बरेचदा उशिरा. असे का, याचे उत्तर शेडमध्ये सापडत नाही. ते १९८५ ते १९९७ या बारा वर्षांच्या इतिहासात सापडते.

सुरुवात होते ती टाकाऊ लहरींपासून. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काही लहरीपट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी वेगळे काढले. त्यातलाच एक २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा. येथे यंत्रांनी वाटेल तेवढा गोंगाट करावा आणि कोणी तक्रार करू नये, असा एकूण हिशेब. मायक्रोवेव्ह भट्ट्या याच पट्ट्यात चालतात. संदेशवहनाच्या दृष्टीने ही गावाबाहेरची पडीक जमीन. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या पडीक जमिनीवर, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत आणि लहर पसरून पाठवण्याच्या अटीवर, विनापरवाना बोलण्याची मुभा दिली. एक अट मात्र आजही जशीच्या तशी आहे: दुसऱ्याचा त्रास सहन करायचा, दाद मागायची नाही.

ही मुभा कोणाच्या कामी आली, हे पाहण्यासारखे आहे. एनसीआर ही कंपनी दुकानांतली कॅश रजिस्टर बनवणारी. मोठ्या दुकानांत दर मोसमाला मांडणी बदलते आणि प्रत्येक वेळी गल्ल्यांच्या तारा उखडून पुन्हा टाकाव्या लागतात. हा खर्च वाचवण्यासाठी कंपनीच्या नेदरलँड्समधल्या शाखेने बिनतारी जोडणीवर काम केले. ब्रूस टख आणि विक हेज ही त्यातली दोन मुख्य नावे. त्यांचे ‘वेव्हलॅन’ बाजारात आले आणि त्याचबरोबर सर्वांना सामायिक असे मानक असावे म्हणून अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत, आयट्रिपलई मध्ये, ८०२.११ क्रमांकाची समिती १९९० साली बसली. हेज तिचे दहा वर्षे अध्यक्ष होते. ज्या गरजेतून हे सारे निघाले तो गल्ला वर्षातून चार वेळा जागा बदलणारा होता, बोलता बोलता चालणारा नव्हता. माझ्या मते पुढच्या अनेक गोष्टींचे मूळ या तपशिलात आहे.

समितीपुढे दुसरा वारसा होता तो हवाई बेटांचा. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात ‘अलोहानेट’ सुरू केले. बेटाबेटांवरची यंत्रे एकाच लहरीवर बोलणार, मग पाळी कोणाची? अब्रॅमसन यांचे उत्तर विलक्षण साधे होते. बोलायचे असेल तेव्हा बोला. पोच आली नाही तर दोघे एकदम बोलले असे समजा, मनाला येईल तेवढे थांबा आणि पुन्हा बोला. या बेशिस्तीत हवेची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते, पण पंच लागत नाही. रॉबर्ट मेटकाफ यांनी ही कल्पना १९७३ मध्ये तारेवर आणली आणि तिचे इथरनेट झाले. त्यात सुधारणा अशी, की बोलता बोलता ऐकायचे आणि टक्कर कळली तर गप्प व्हायचे. हवेत हे जमत नाही. स्वतःच्याच आवाजाने यंत्राचे कान बधिर झालेले असतात. म्हणून वाय-फायमध्ये आधी ऐकायचे, शांतता असेल तर आणखी थोडे, यदृच्छेने ठरवलेला वेळ, थांबायचे आणि मग बोलायचे. प्रत्येक वाक्याला पोच घ्यायची. आपल्याकडच्या पंगतीत दोघांनी एकदम वरणाच्या पळीला हात घालावा आणि दोघांनीही ‘घ्या, तुम्ही घ्या’ म्हणत मागे सरावे, तसा हा प्रकार. गर्दी वाढली की पंगतीचा बहुतेक वेळ ‘घ्या, घ्या’ मध्येच जातो.

तर १९९७ मध्ये मानक छापून आले. वेग सेकंदाला एक किंवा दोन मेगाबिट. त्यात एका डबड्याकडून दुसऱ्याकडे जाताना कोणता निरोप कोणत्या क्रमाने द्यायचा, हे काटेकोर लिहिले आहे. कसे जायचे हे लिहिले, केव्हा जायचे हे लिहिले नाही. ते यंत्र बनवणाऱ्यावर सोडले. डबड्यांनी मागच्या तारेवरून आपसांत काय बोलायचे तेही मोकळेच ठेवले. पुढे २००३ मध्ये त्यासाठी एक प्रायोगिक शिफारस आली, तिच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही आणि २००६ मध्ये ती मागे घेतली गेली.

मोबाइल फोनची घडण याच्या उलट. तिथे हँडसेट आसपासच्या मनोऱ्यांचे आवाज मोजतो आणि वर कळवतो. कोणत्या मनोऱ्याकडे जायचे हा हुकूम जाळ्याकडून येतो. रेल्वेच्या जुन्या पद्धतीसारखे. पुढच्या स्टेशनमास्तरने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज गाडी हलत नाही आणि ड्रायव्हरच्या मनाला विचारतो कोण? वाय-फायचे यंत्र मात्र पायी निघालेल्या वारकऱ्यासारखे आहे. कोणत्या पाणपोईवर थांबायचे आणि कोणती टाळून पुढे जायचे ते त्याने ठरवायचे.

समितीने हलगर्जीपणा केला असे मला वाटत नाही. निर्णय जाळ्याकडे द्यायचा म्हणजे जाळ्याला एक मेंदू हवा, मेंदूला मालक हवा आणि मालक म्हटला की टेलिफोन कंपनी आली. निर्णय यंत्राकडे ठेवल्यामुळेच कोणालाही दोन-तीन हजारांचे डबडे आणून घरात लावता आले. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे ८०२.११-बी आले, त्याच वर्षी जुलैत ॲपलने ते आपल्या आयबुकमध्ये घातले आणि एका नामकरण करणाऱ्या कंपनीने ‘वाय-फाय’ हा शब्द बनवून दिला. (तो कशाचेही लघुरूप नाही. विस्तार मागाहून चिकटवलेला आहे.) स्वस्ताई आणि स्वातंत्र्य यांचा हा सौदा घराला आणि कॅफेला फार मानवला. शेडला त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत कशी, हे समजायला यंत्राच्या बाजूने पाहू. प्रत्येक डबडे सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी अमुक जाळ्याचे, अमुक ठिकाणी’ अशी दवंडी पिटते. यंत्र ज्याच्याशी जोडलेले आहे त्याचा आवाज मोजत राहते. हे माप डेसिबलमध्ये असते आणि ऋण आकड्यांत येते. उणे ७० म्हणजे एका मिलिवॉटचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा कुजबुजीवर सगळा कारभार चालतो. आवाज ठरावीक पायरीच्या खाली गेला की बरीच यंत्रे दुसऱ्याचा शोध घेऊ लागतात. ही पायरी कोणती, हे प्रत्येक कंपनीचे आपापले. शोध घ्यायचा तर क्षणभर चालू वाहिनी सोडून दुसऱ्या वाहिन्यांवर कान द्यावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ काम बंद. शिवाय नव्याचा आवाज जुन्यापेक्षा चांगलाच मोठा असल्याखेरीज हलायचे नाही, असाही नियम यंत्रात घातलेला असतो. नाहीतर दोघांच्या मधोमध उभे राहिलेले यंत्र इकडून तिकडे आणि तिकडून इकडे हेलपाटे घालत बसेल. हे सगळे शहाणपणाचेच. पण परिणाम असा होतो, की यंत्र जुन्याला धरून राहते. डोक्यावर नवे डबडे असताना ऐंशी मीटर मागच्याची पुसट कुजबुज ऐकत चालते. या धंद्यातले लोक अशा यंत्राला ‘स्टिकी’ म्हणतात, चिकटलेले. आणि ते एकटे अडत नाही. क्षीण आवाजात बोलणाऱ्याला सावकाश बोलावे लागते, तेवढा वेळ त्या वाहिनीवरची बाकीची यंत्रे गप्प बसतात. एका चिकटलेल्या स्कॅनरपायी चार चांगले स्कॅनर मंदावतात.

त्यात भोसरीची शेड. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने या पट्ट्याला आखीव प्लॉट दिले, साठच्या दशकात टेल्को आली, तिच्या नावाच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जॉबवर्क करणारी लहान वर्कशॉप वाढली. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ चाकणला आल्यावर गोदामांचा पसारा थेट तिकडे गेला. या सगळ्या बांधकामात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे धातू. पत्र्याचे छप्पर, लोखंडी खांब, प्रेस, कास्टिंगचे ढीग, पोलादाच्या गुंडाळ्या. रेडिओलहर धातूवर आपटून परत फिरते. त्यामुळे एकच शब्द कानावर पहिल्यांदा सरळ येतो, मग छपरावरून, मग पलीकडच्या प्रेसवरून. नॅनोसेकंदाला तीस सेंटिमीटर या गतीने साठ मीटर जादा फिरून आलेला प्रतिध्वनी २०० नॅनोसेकंद उशिरा पोचतो. बोलणे जितके वेगवान, तितका मागच्या अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर चढतो.

हे कोडे सोडवणाऱ्यांत एक नाव रेडिओखगोलशास्त्राचे आहे आणि इथे खोडदचा धागा येऊन मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओसलिव्हन यांनी सत्तरच्या दशकात स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओस्पंद शोधण्याचा प्रयत्न केला होता. स्पंद मिळाले नाहीत. मात्र अवकाशातून येताना फिसकटलेला संकेत गणिताने पुन्हा नीट करण्याचा हात त्यांना बसला. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हीच विद्या खोलीतल्या प्रतिध्वनींवर वापरली. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटंटचा अर्ज झाला, १९९६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. युक्ती अशी, की एक ओळ भराभर वाचण्याऐवजी अनेक ओळी एकाच वेळी सावकाश वाचायच्या. १९९९ च्या ८०२.११-ए मानकात अशा ५२ ओळी आहेत. प्रत्येक अक्षर चार मायक्रोसेकंद टिकते आणि त्यातला ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी राखून ठेवलेला असतो. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. भोसरीतल्या बहुतेक शेडचे प्रतिध्वनी त्यात बसतात.

याच सीएसआयआरओच्या रेडिओभौतिकी विभागात १९५३ मध्ये गोविंद स्वरूप नावाचे तरुण भारतीय संशोधक शिकायला गेले होते. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे क्रिस्टियनसन यांनी सूर्याच्या वेधासाठी ३२ लहान तबकड्यांची रांग उभारली होती. तिची गरज संपली तेव्हा त्या तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या स्वरूप यांनी १९६५ मध्ये त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. आपल्याकडच्या रेडिओखगोलशास्त्राचे पहिले मोठे उपकरण ते. पुढे उटी, आणि नव्वदच्या दशकात खोडद. एकाच प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन वाटा: एक कल्याणमार्गे खोडदच्या शांततेकडे गेली, दुसरी पेटंटमार्गे भोसरीच्या गोंगाटाकडे.

इथे थोडे सावध राहायला हवे. ऑस्ट्रेलियात ‘वाय-फाय आमचे’ असे अभिमानाने सांगतात आणि सीएसआयआरओने २००९ आणि २०१२ च्या तडजोडींतून सुमारे ४३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वसूलही केले. पण ओळी वाटून बोलण्याची कल्पना त्यांच्या आधीही माहीत होती आणि मानकाची बैठक डच लोकांनी घातली होती. एका जनकाचा हट्ट या कथेत टिकत नाही.

आपल्याकडे हे सगळे कायद्याच्या दारात बराच काळ उभे होते. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे. कानपूरच्या आयआयटीतल्या ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ प्रकल्पाने घरगुती वाय-फायच्याच साहित्यातून गावागावांत कित्येक किलोमीटर लांब दुवे टाकून दाखवले, तेही परवानगी घेऊन. २००५ च्या जानेवारीतील अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा चार वॅट परिणामी शक्तीपर्यंत परवानामुक्त झाला. त्या कानपूर प्रकल्पातले एक संशोधक प्रवीण भागवत. चार्ल्स पर्किन्स यांच्यासह १९९४ मध्ये त्यांनी लिहिलेला, फिरत्या यंत्रांनी एकमेकांपर्यंतची वाट कशी शोधावी याविषयीचा निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी सुरू केलेल्या आणि नंतर एअरटाइट या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे संशोधन पुण्यात चाले. पुणेकरांना आपल्या शहरातली आयटी पार्क माहीत असतात, हे नाव क्वचित.

एअरटाइटचा विषय होता बिनतारी जाळ्याची राखण. तिच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की जुन्या डब्ल्यूईपी कुलपाची किल्ली मिळवायला कार्यालयाच्या जवळपासही जावे लागत नाही. कॅफेत बसलेला लॅपटॉप ओळखीच्या जाळ्यांची नावे आपणहून पुकारत असतो. चोराने तेच नाव सांगून उत्तर दिले की लॅपटॉप बोलू लागतो आणि थोड्या वेळात किल्ली निसटते. पाणपोई निवडायचा हक्क वारकऱ्याचा खरा, पण ती खरी की खोटी हे त्याला दिसत नाही, ते असे. पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००८ रोजी, अहमदाबादच्या स्फोटांच्या तोंडावर आलेली धमकीची ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेल्याचे निघाले. त्या घरातल्या माणसाचा तिच्याशी संबंध नव्हता, जाळे उघडे होते एवढेच. मग मुंबई पोलिसांची पथके उघडी वाय-फाय शोधत फिरू लागली आणि कंपन्यांनी पक्की कुलपे बसवली.

या कुलपांनी रोमिंगचा प्रश्न वाढवला. नव्या पद्धतीत प्रत्येक डबड्यापाशी यंत्राची ओळख नव्याने पडताळायची, मध्यवर्ती सर्व्हरला विचारायचे, नव्या किल्ल्या बनवायच्या. यात कित्येकशे मिलिसेकंद सहज जातात, सर्व्हर दूर असेल तर त्याहूनही जास्त. सोसायटीचे फाटक बदलले की वॉचमनने पुन्हा वहीत नाव लिहून घ्यावे, वर फोन लावावा, तसे. २००८ च्या ८०२.११-आर ने ओळख एकदाच पटवून पुढच्या फाटकांना आगाऊ कळवण्याची सोय केली आणि हा वेळ ५० मिलिसेकंदांच्या आत आणला. त्याच वर्षीच्या ‘के’ ने शेजारच्या डबड्यांची यादी यंत्राला मिळू लागली, म्हणजे सगळ्या वाहिन्या चाचपडायला नकोत. २०११ च्या ‘व्ही’ ने जाळ्याला तोंड उघडण्याची परवानगी दिली: ‘तू पलीकडे गेलास तर बरे.’ ही विनंती आहे. यंत्राने ती मानलीच पाहिजे असे नाही, आणि बाजारातले जुने स्कॅनर हे तिन्ही प्रकार ओळखतीलच याची खात्री नसते. मेरू नावाच्या कंपनीने तर शक्कल लढवली होती, की सगळी डबडी एकाच वाहिनीवर आणि एकाच पत्त्याने बोलायची. मग यंत्राला वाटते आपण एकाशीच बोलतो आहोत आणि निर्णय गुपचूप जाळे घेते. बाजाराने शेवटी तो मार्ग धरला नाही.

शेडमध्ये या इतिहासाचा हिशेब कोणाच्या नावावर पडतो? गोदामाच्या बहुतेक प्रणालींत प्रत्येक स्कॅन चालकाच्या नावाने आणि वेळेसह नोंदला जातो. तासाला किती पॅलेट, दोन स्कॅनमध्ये किती अंतर, याचा तक्ता शिफ्ट संपताना सुपरवायझरच्या हातात असतो. यंत्राने हात सोडायला चाळीस सेकंद घेतले तर त्या तक्त्यात चाळीस सेकंद माणूस रेंगाळला असे दिसते. हवेत काय घडले त्याचा रकाना तिथे नसतो. चालक ठेकेदाराकडचा असेल तर ‘नेट गेले होते’ हे त्याचे म्हणणे ऐकून घेणाराही सहसा नसतो. खरे तर नेट गेलेले नसतेच. दोन्ही डबडी चालू असतात, सर्व्हर चालू असतो. आयटीवाला आपल्या पडद्यावर सगळे हिरवे पाहतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की जाळ्यात दोष नाही.

उपाय आहेत, ते कंटाळवाणे आहेत. डबड्यांची शक्ती वाढवायची नाही, कमी करायची. कारण डबडे मोठ्याने ओरडले तरी स्कॅनरचा आवाज लहानच राहतो. त्याला ऐकू येते, त्याचे ऐकू जात नाही आणि तो चिकटून बसतो. फार सावकाश बोलण्याची सवलत बंद करायची, म्हणजे लांबच्याला धरून राहणे यंत्राला परवडत नाही. रॅकच्या वरून नव्हे तर दोन रॅकमधल्या गल्लीच्या दिशेने अँटेना लावायच्या. आणि मुख्य म्हणजे मापे घ्यायची. एका माणसाने हातात यंत्र धरून गल्लीगल्लीतून चालायचे आणि कुठे हात सुटतो, कुठे धरला जातो याचा नकाशा काढायचा.

हे मोजमाप बहुधा सुट्टीच्या दिवशी होते, लाइन बंद असताना, रॅक अर्धे रिकामे असताना. दिवाळीआधीच्या महिन्यात तेच रॅक छतापर्यंत भरतात, मधल्या गल्ल्यांतही माल उतरवावा लागतो आणि पोलादाच्या त्या नव्या भिंतींमधून लहरी वेगळ्याच वाटांनी फिरू लागतात. नकाशा मात्र ऑफिसच्या भिंतीवर जुनाच असतो.